दोनशे तेहतीसपर्यंत

मत्स्यालयाच्या दारावर फलक चढला आणि हात्सुएने तो पुन्हा एकदा वाचून पाहिला. ‘आज येणार अकरा लाख अकरा हजार एकशे अकरावे पाहुणे! आमच्यासारखीच एकमेव, कशानेही भाग न जाणारी संख्या!’

मजकूर संचालक कुरोइवासाहेबांचा, पण खात्री हात्सुएची. तिकीटखिडकीवरची हात्सुए शाळेत गणितात बरी होती, म्हणून साहेबांनी तिलाच विचारलं होतं. तिने सातने भागून पाहिलं, अकराने पाहिलं, तेराने पाहिलं. भाग जाईना. मग तिला नादच लागला. पंधरा दिवस डबा खाता खाता ती एकेका मूळ संख्येने भागत होती. दोनशे तेहतीस झाल्यावर साहेब म्हणाले, “आता पुरे हो! जायचा असता तर एव्हाना गेला नसता?”

आज खिडकीत बसल्या बसल्या तिला राहवेना. पुढची मूळ संख्या दोनशे एकोणचाळीस. भागलं. बाकी शून्य! पुन्हा भागलं. शून्यच!

ती धावत सुटली. “साहेब, गेला!”

“कोण? आपला म्हातारा पेंग्विन?”

“भाग गेला! दोनशे एकोणचाळीसने!”

साहेबांचा चेहरा पडला. “हळू बोला! वर्तमानपत्रवाला आलाय. आज इथे कोण भागाकार करत बसणार आहे?”

तेवढ्यात घंटा वाजली. भाग्यवान पाहुणे निघाले टोफूवाले माकिहारा. पुष्पगुच्छ घेऊन त्यांनी फलक वाचला आणि कौतुकाने विचारलं, “खरंच कशानेच जात नाही?”

बातमीदाराने पेन सरसावलं. साहेब हसले. हात्सुएला मात्र खोटं बोलवेना.

“जातो,” ती कमरेत वाकून म्हणाली. “दोनशे एकोणचाळीसने. चूक माझी आहे. उत्तर येतं चार हजार सहाशे एकोणपन्नास.”

मग रांगेतून कुणीतरी ओरडलं, “अहो, चार-सहा-चार-नऊ! यो-रो-शि-कु!”

जपानीत हे आकडे असे उच्चारले की शब्द होतो ‘योरोशिकु’, म्हणजे लोभ असावा! एकच हशा पिकला. साहेबांनी क्षणही न दवडता सगळ्यांना वाकून नमस्कार केला. “तेच तर म्हणायचं होतं आम्हाला!”

इतक्यात माकिहारांच्या मागची आजी फुरंगटून म्हणाली, “आणि मी? एका आकड्याने हुकले की!”

हात्सुएने तिच्या तिकिटावरच्या संख्येचे शेवटचे तीन अंक पाहिले. एकशे बारा. “आजी, तुमच्या संख्येला आठने भाग जातो. अगदी पुरता!”

“आठने?” आजीचा चेहरा उजळला. आठ म्हणजे भरभराटीचा आकडा. “आणि आठ तर ऑक्टोपसचे हातसुद्धा!” म्हणत ती तिकीट मिरवत आत निघाली.

फोटो उरकून माकिहारा पुष्पगुच्छासकट तिच्यामागे धावले.

“आजी, जरा थांबा! बदलून द्याल का?”

“फुलं ठेवा तुमच्याकडेच,” आजी म्हणाली आणि तिने तिकीट किमोनोच्या कमरपट्ट्यात, ओबीमध्ये, खोल खोचलं.