दर्याच्या गाण्याचे धनी

सदूतात्यांनी अर्ध्या जिल्ह्याला दारू पाजली, आणि स्वतः मात्र जन्म म्हशीच्या दुधावर काढला.

पाजली म्हणजे गाण्यातून. हे आमचे शेजारी, मधे एकच भिंत. कॅसेटचे दिवस होते. तात्यांनी रचलेलं आणि स्वतःच गायलेलं एक गावरान गाणं असं गाजलं की उसाचा ट्रॅक्टर असो, वडापची जीप असो, लग्नाची वरात असो, तेच ऐकू यायचं. 'मार गड्या क्वाटर, सोड घरदार, वाळूत लोळू दर्याच्या पार!' ज्यांना घरातून पानपट्टीपर्यंत जायचं तरी बायकोला विचारावं लागे, तेही गणपतीच्या मिरवणुकीत शर्ट काढून दर्याच्या पार निघायचे.

गाणं रचणाऱ्यानं मात्र समुद्र पाहिलेला नव्हता. कळंब्याचा तलाव हे त्यांचं सगळ्यात मोठं पाणी. आणि त्यांची क्वाटर म्हणाल तर, दूधकट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घ्यायची, फेसाच्या मिशा पुसायच्या आणि म्हणायचं, "चढली बघ!"

"तात्या, दर्याला कवा निघायचं?" लोक विचारत.

"आत्ता जाऊया की! पर म्हस माझ्याबिगर कुनाच्या हाताला धार देत न्हाय."

एका उन्हाळ्यात म्हैस आटली होती, तरी उत्तर हेच. आटलेल्या म्हशीची कसली धार, असं त्यांना कुणी विचारलं नाही. कलाकार माणूस.

घरात काकी होत्या, पण त्या कुणाला दिसत नसत. "गुडघं धरल्यात तिचं," तात्या अर्ध्या उघड्या दारातून सांगत आणि तेही दार लावून घेत. स्वयंपाक तेच करत. भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज आला की आमच्या सासूबाई म्हणायच्या, "ऐका! घरदार सोडणारा मर्द परात घिऊन बसलाय."

एका वर्षी मालवणला किनाऱ्यावर कार्यक्रम ठरला. समोर लोक, पाठीमागे समुद्र आणि मधे तात्या. गल्लीच्या तालमीतल्या लोकांनी जीप ठरवली. "ह्या खेपंला म्हशीचं कायबी ऐकायचं न्हाई," त्यांनी बजावलं. तात्यांनी नवी टोपी घेतली. आठवडाभर ते एकच चौकशी करत फिरत होते, वाळूत चप्पल घालायची असते का काढायची. गल्लीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सल्ला प्रत्येकानं दिला.

आदल्या दिवशी ते आमच्या मागल्या दारी आले. "पोरी, एक दिस म्हस बघशील?" मग वैरण किती, पेंड किती, कास कशी धुवायची, उभं कुठं राहायचं, सगळं दोनदा सांगितलं. जाता जाता जमिनीकडे बघत म्हणाले, "आनि काकीला दुधात भाकरी कुस्करून दे. दार तेवढं लावून घे." पुरुषांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. मी मान हलवली.

दिवस उगवायच्या आधी जीप गेली. मी जीव मुठीत धरून गोठ्यात शिरले. त्या म्हशीइतकं गरीब जनावर मी दुसरं पाहिलं नाही. पाच मिनिटांत पान्हावली, बादली भरली, वर माझा हातही चाटला. इतक्या वर्षांची बदनामी तिनं मनावर घेतलेली दिसली नाही.

मग काकींकडे गेले. गुडघे ठणठणीत होते. त्या उठून दारापर्यंत आल्या, माझ्या पाठीमागे पाहिलं आणि विचारलं, "आलं न्हाईत?" मी कोण, हे त्यांना कळत नव्हतं. घर कुणाचं, हेही कळत नसावं. घास पुढे केला की त्या दात घट्ट मिटून घेत. मी दोनदा दूध गरम केलं, गूळ घातला, बाळाला बोलतात तसं बोलले. दर थोड्या वेळानं तेच, "आलं न्हाईत?" ऊन अंगणभर पसरलं, तरी पोटात काही नव्हतं.

बाराच्या सुमाराला दार वाजलं. तात्या एकटेच होते, टोपी हातात. पायसुद्धा न धुता खाली बसले आणि नवी भाकरी कुस्करली. "आलो गं." काकींनी तोंड उघडलं.

अर्धी भाकरी संपल्यावर तात्या माझ्याकडे न बघता बोलले. "गगनबावड्यात जीप च्याला थांबली. खाली समदं कोकण दिसत हुतं. पर हिनं खाल्लं नसंल, ह्येच डोस्क्यात. एस्टी धरली." मग हळूच म्हणाले, "कळलं तर लोकं बघाय येत्यात, पोरी. येडी म्हनून."

तेवढ्यात बाहेरून हाळी आली. "काय तात्या! दर्या बघायच्या आदीच उतरली व्हय? भाईर या की!" हसणंही ऐकू आलं. काकींनी दचकून तात्यांची बाही धरली. त्यांचा हात ताटातच थांबला.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. गल्लीतले चौघेजण उभे होते.

"म्हशीनं धार दिली न्हाय," मी म्हणाले. "लाथ मारली मला. तात्यांस्नी ठावं हुतं, म्हणून परत आले."

"बघा!" त्यातला एक दुसऱ्यांना म्हणाला. "मी म्हनलं नव्हतं? ती म्हस लई वंगाळ." मग माझ्याकडे वळून, "लई लागलं काय, वैनी?"

"व्हय," मी म्हणाले, आणि घरापर्यंत लंगडत गेले.