धामणखेडच्या कोंबड्यांची आणि उलट्या रेघेची हकीकत

श्री शारदा प्रसन्न, वीज अखंड असो, पडदा उजळ राहो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं राज्यांत कोंबड्यांस देवी आल्या, ते समयींचें वर्तमान ऐसें जे, राजधानींत मथुराबाईसाहेब अध्यापिका यांणी शाळा मांडिली होती, आणि तेथें विषाणूंचे जीनोम, म्हणजे लाख लाख अक्षरांच्या जन्मपोथ्या, संगणकाचे पडद्यावर शेजारीं मांडून ताडून पाहणें शिकवीत. बाईसाहेबांचा शिरस्ता ऐसा कीं आधीं चित्र, मग अक्षर. चित्रें दोन. पहिला रंगपट, जेथें अक्षरें सलग जुळलीं तेथें निळें, न जुळलीं तेथें कोरें. दुसरा ठिपकेपट, त्यांत पोथ्या एक असतां डाव्या वरच्या कोपऱ्यांतून तिरपी रेघ उतरे. दोन्ही पाहिल्याखेरीज तोंड उघडूं नये, ऐसी सक्त ताकीद. राज्याचे कारभारी हिणवून बोलिले कीं चित्रें पाहून का कोठें विद्या येते, आणि बाईंणी कानाडोळा केला.

त्या शाळेंत सगुणा म्हणोन धामणखेडची मुलगी, मोठी हुशार आणि तितकीच उतावीळ. तिची आई हौसाबाई गांवीं बेचाळीस कोंबड्या राखून होती आणि त्यांजवरच लेकीचें शिक्षण चालिलें होतें. तों धामणखेडींच साथ लागली. विषाणू जुनाच असेल तर कोठारीं लस तयार, नवा असेल तर लस फुकट, आणि मग गांवच्या साऱ्या कोंबड्या मारून पुरणें, दुसरा इलाज नाहीं. बाईसाहेब परगांवीं गेल्या होत्या आणि कारभारी यांणी घाई मांडिली, तेव्हां नमुन्याची पोथी सगुणेचे हातीं आली. घरच्या कोंबड्या म्हणोन ही पोर जुनाच सांगेल, ऐसें सोबती कुजबुजले, आणि तें तिजला झोंबलें. मग तिणें ती जुन्या विषाणूच्या पोथीशेजारीं मांडून रंगपट उघडिला तों आरंभापासोन अखेरपर्यंत कोरा, निळें म्हणोन औषधास नाहीं. तेव्हां आपण पक्षपाती नव्हे हें दाखवावयाचे भरांत ठिपकेपट न पाहतांच तिणें सांगितलें कीं विषाणू नवा. कारभारी यांणी तेच सांजेस हुकूम सोडिला.

दुसरे दिवशीं सकाळीं बाईसाहेब परतल्या आणि पहिला प्रश्न हाच केला कीं रेघ कोणत्या कोपऱ्यांतून निघाली? सगुणेणें रंगपट तेवढा पुढें केला. मग बाईंणी तिजकडोनच दुसरा पट उघडविला, आणि पाहती तों रेघ होती, अखंड होती, मात्र भलत्याच कोपऱ्यांतून निघोन उलटी उतरली होती. बाईसाहेब म्हणाल्या, "विषाणू जुनाच आहे, सगुणे. यंत्रानें पोथी शेपटीकडून वाचली, आणि तूं ती न फिरवतां तशीच रंगपटावर घातलीस." यंत्र कोणतेही टोकाकडोन वाचितें, हें तिजला ठाऊक होतें, आणि तेंच विसरली. पोथी फिरविली तों रंगपट निळाशार जाहला. कारभारी यांस कळवितांच त्यांणी हुकूम मागें घेतला आणि लस रवाना केली. सगुणेणें तत्काळ घरीं फोन लाविला आणि चूक आपली, कोंबड्या मारूं नका, ऐसें एका दमांत सांगितलें.

पलीकडोन हौसाबाई म्हणाली, "गांव ऐकेना गं. खोटं असंल म्हनत हुते. मी म्हनलं, माझ्या लेकीनं बघितलंय, ती खोटं सांगायची न्हाई. अन् पयल्या आपल्याच माराया दिल्या." बाकीच्यांच्या वाचल्या का, इतकेंच सगुणेणें विचारिलें. वाचल्या, म्हणोन आई बोलिली, आणि जेवलीस का तें विचारूं लागली. तेव्हां सगुणा भिंतीस टेकोन लहान पोरासारखी रडली, आणि बाईसाहेबांणी तिजला रडूं दिलें.

सारांश, लस टोंचून साथ हटली, गांवच्या सहाशें कोंबड्या राहिल्या, बेचाळीस गेल्या. तो कोरा रंगपट सगुणेणें छापून, खालीं आपलें नांव घालून, शाळेच्या भिंतीस लाविला, आणि नवा विद्यार्थी येतां प्रथम तोच दाखवी. हौसाबाईंणी पुन्हां पिलें आणिलीं. जैसें घडलें तैसें लिहिलें, पदरचें कांहीं घातलें नाहीं.