बरा दिसणारा काटा

आमच्या शेजारच्या जिभाऊंना ‘बरं आहे’ हे उत्तर चालत नाही. अख्खं जग ज्या दोन शब्दांवर एकमेकांना वाटेला लावतं, तिथे हा माणूस पाय रोवून उभा राहतो. सकाळी दूध घेताना मी म्हणावं, “बरं आहे जिभाऊ,” की ते डोळे बारीक करून म्हणणार, “काटा नको सांगू बेटा, इंजिन सांग.” आत कुकर शिट्ट्या मारत असतो, मला शाळेत शिकवायला जायचं असतं, आणि हे दारात उभे राहून माझ्या इंजिनाची चौकशी करत असतात.

जिभाऊ मूळचे अमळनेरकडचे. इथे सुरतेला, पांडेसऱ्यात, कपडा रंगवायच्या मिलमध्ये त्यांची फिटर म्हणून सगळी नोकरी गेली. आता निवृत्त आहेत आणि एकटेच राहतात. आम्ही सोसायटीत राहायला आलो तेव्हा त्यांची बायको, आमच्या मावशी, जाऊन काही वर्षं झाली होती, त्यामुळे मला त्या हार घातलेल्या फोटोतूनच ठाऊक. घरात अहिराणी, जिन्यात हिंदी, भाजीवाल्याशी गुजराती, आणि हातात पाना आला की तिन्ही एकदम, अशी त्यांची भाषा.

आकडा दाखवणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा विश्वास नाही. आधी मीटरचा काटा तपासायचा, मग इंजिन, हा त्यांचा वेद. सोसायटीत तपासणीचं शिबिर होतं तेव्हा डॉक्टरांनी यांचं ब्लडप्रेशर जास्त सांगितलं. जिभाऊंनी पट्टा सोडला आणि डॉक्टरांच्याच दंडाला बांधला. डॉक्टरांचं त्याहून जास्त निघालं. माझ्या मुलाला ताप आला तर थर्मामीटर आधी माझ्या नवऱ्याच्या तोंडात कोंबला, यंत्र खरं बोलतं का ते बघायला. सासूबाई मात्र त्यांच्यावर जाम खूश. ‘इंजिन सांगा’ असं कोणी म्हटलं की त्या पोट साफ होण्यापासून जी सुरुवात करतात, ती टाचेच्या भेगांपर्यंत थांबत नाहीत, आणि ते सगळं ऐकणारे सुरतेत एकटे जिभाऊच.

मला त्यांचा वैताग यायचा. रिकामा माणूस, दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसल्याशिवाय दिवस जात नाही, असं मी खुशाल म्हणायचे.

मागच्या थंडीत जिभाऊंचे मिलमधले जुने दोस्त ठाकोरभाई यांनी पोंक खायला बोलावलं. नोकरी सोडून ते बारडोलीकडे आपल्या शेतीत जाऊन राहिलेत. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, फक्त वर शेव आणि लिंबू. जिभाऊंबरोबर आम्ही दोघंही गेलो. तिथे गेल्यावर कळलं की खरं आमंत्रण ट्रॅक्टरचं होतं. ठाकोरभाईंच्या वडिलांनी घेतलेला जुना ट्रॅक्टर. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याला ऊस वाहायचा होता, आणि इंजिन तापलं की ऑइल प्रेशरचा काटा तळाला जात होता. जाडं ऑइल ओतून एवढा सीझन निभावून दे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

जिभाऊंनी पोंकाची मूठ शर्टाच्या खिशात ओतली आणि कामाला लागले. ऑइलची पातळी पाहिली. बोटावर ऑइल घेऊन हुंगलं, डिझेल मिसळलंय का ते बघायला, आणि मलाही हुंगायला लावलं. मग पिशवीतून स्वतःचा काटा काढून जोडला. तोही तळाला. मग त्यांना स्वतःच्याच काट्याचा संशय आला आणि माझ्या नवऱ्याला मोटरसायकलवरून शेजारच्या शेतातून तिसरा आणायला पिटाळलं. तोही तळाला. तीन काटे एकाच वेळी खोटं बोलतील का, असं नवऱ्याने वैतागून विचारलं.

“लगीन जमाडताना तीन पाहुणे खोटं बोलतस का नही?” जिभाऊ म्हणाले.

मग त्यांनी फिल्टर उघडला. आतल्या ऑइलमध्ये धातूचा बारीक चुरा चमकत होता. इंजिनाच्या बाजूला एक स्प्रिंग असते, प्रेशर फार वाढलं तर मागे सरून ऑइल सोडणारी. तिचा बोल्ट त्यांनी फिरवला. स्प्रिंग बाहेर आली आणि तिच्यामागून एक नाणं त्यांच्या तळहातावर पडलं. गेंड्याचं चित्र असलेलं, जुनं चार आण्याचं.

स्प्रिंग अशी दाबून ठेवली की ऑइल सुटत नाही आणि काटा वर राहतो, मग इंजिन आतून झिजत का असेना. हे कुठल्या गाढवाने केलं, असं माझा नवरा म्हणाला. ठाकोरभाई उसाकडे बघू लागले.

जिभाऊंनी नाणं पँटला पुसलं. “मीच,” ते म्हणाले.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका सीझनला काटा असाच पडला होता. ऊस तोडून पडलेला, म्हणून जिभाऊंनी तात्पुरतं हे नाणं घातलं. सीझन संपला की इंजिन उघडायचं ठरलं होतं. सीझन संपायच्या आत मावशी गेल्या. त्यांच्या छातीत महिनाभर कळा येत होत्या, हे तेव्हाच्या शेजारणीने त्यांना नंतर सांगितलं. बायको गेलेल्या माणसाला ट्रॅक्टरची आठवण कोण करून देणार? आणि काटा तर छान वर होता. ठाकोरभाई चालवत राहिले, नाण्यालाही काटा वर धरता येईना तोवर.

“मी रोज इचारू, कसं शे? ती म्हने, बरी शे,” जिभाऊ नाण्याकडे बघत म्हणाले. “त्या साली दोन्हीकडे काटा बरा व्हता. खराब काटा मी धा येळा तपासा. बरा काटा कधी तपासाच नही.”

“कंई वांधो नहीं, जिभाऊ,” काही बिघडलं नाही अशा सुरात ठाकोरभाई म्हणाले आणि त्यांनी पोंकाचं ताट पुढे सरकवलं. कोणी हात लावला नाही.

ऊस भाड्याच्या ट्रॅक्टरने गेला. नंतर इंजिन उघडलं, तर ते दुरुस्तीच्या पलीकडे गेलेलं निघालं. ठाकोरभाई त्यावर चकार शब्द बोलले नाहीत, आणि तेच जिभाऊंना जास्त लागलं असावं. त्या दिवसापासून त्यांनी कोणाला काही विचारणंच सोडलं. दूध घ्यायचे, मान हलवायचे आणि दार लावून घ्यायचे. सासूबाई आतून विचारत राहिल्या, जिभाऊ आले का गं? ज्या प्रश्नाचा मला इतका वैताग होता, त्याची वाट बघत मी रोज पातेलं घेऊन दारात रेंगाळायला लागले. मला फार वाईट वाटत होतं.

शेवटी एका सकाळी मीच त्यांची बेल वाजवली. कसं चाललंय, म्हणून विचारलं.

“बरं शे.”

“काटा नको जिभाऊ, इंजिन सांगा.”

ते दारातून बाजूला सरले आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. फोटोखालच्या फळीवर ते नाणं ठेवलेलं होतं.

“मी बाहेरथून येस, कुलूप उघडस,” ते हळूच म्हणाले, “आनि अजून तोंडातून निघी जास, ‘कसं शे?’ मंग दारमाच उभा ऱ्हास थोडा येळ.”

मी बसले. शाळेला त्या दिवशी उशीर झाला.