धोतराला भिणारं पिल्लू

सोनबाने भाताच्या बियाण्याची कणगी उघडली आणि नुकसान कळलं. वर दाणे दिसत होते, पण हात घातला तर खाली नुसतं तूस. निम्मं बियाणं उंदरांनी खाल्लं होतं. दरवर्षी कणगी शेणाने लिंपायचं काम त्याची बायको सगुणाबाई करायची. ती गेल्या भाद्रपदात वारली. सोनबाने आता घाईघाईने लिंपलं, पण त्याचा हात काही तिच्यासारखा नव्हता. दुपारपर्यंत उंदरांनी नवं भोक पाडलं. उरलेलं बियाणं पेरणीपर्यंत टिकलं नाही तर खाचरं मोकळी राहणार होती.

पलीकडच्या वाडीत त्याची बहीण ठकुबाई राहायची. तिच्याकडून तो मांजराचं पिल्लू घेऊन हिर्डोशीला आपल्या घरी आला. पिल्लू घरात शिरलं ते थेट चुलीमागच्या लाकडांत जाऊन बसलं. दूध ठेवलं, बोंबलाचं डोकं ठेवलं. सोनबा दिसला की ते आणखी आत सरके.

काही दिवसांनी ठकुबाई बघायला आली, तर पिल्लू धावत येऊन तिच्या मांडीवर बसलं.

"मला का भितंय गं ते?"

"दादा, आमच्या घरातली समदी बापयमाणसं मुंबईला गिरणीत. हिनं धोतर कवा बगितलंय? हिला लुगडंच म्हाईत."

ठकुबाई परत गेल्यावर सोनबा बराच वेळ बायकोच्या कपड्यांच्या पेटीकडे पाहत बसला. मग त्याने सगुणाबाईचं हिरवं लुगडं काढलं, अंगाभोवती गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला आणि चुलीपुढे बसला. हळूच पिल्लू बाहेर आलं, लुगडं हुंगलं आणि पदरात शिरलं. सोनबा हलला नाही.

शेजारचा कुंडलिक विस्तव मागायला आला, तो उंबऱ्याशीच थबकला. चुलीपुढे पाठमोरं हिरवं लुगडं पाहून तसाच मागे फिरला. घटकाभरात वाडीला कळलं, की सोनबाने पाट लावून दुसरी बायको आणली, तीही भावकीला न सांगता.

भावकीतले थोरले चिमाजीतात्या बाया-माणसं घेऊन दारात आले.

"पाट लावलास, ब्येस केलंस. पर भावकीचं जेवाण कुठं हाय? नवरी तरी दाव."

हिरवं लुगडं वळलं. पदराखाली मिशा होत्या.

मग चिमाजींची बायको फुलाबाई म्हणाली, "नवरी जरा थोराड हाय."

"नवरी मांडीवर हाय, वैनी," सोनबा म्हणाला. "तात्यांच्या धोतराला भिऊन पदरात दडलीया." आणि त्याने उंदरांपासून सगळं सांगितलं.

फुलाबाईने पुरुषांना अंगणात काढलं. बायका बसल्या, तसं पिल्लू बाहेर येऊन या मांडीवरून त्या मांडीवर हिंडलं.

"भावजी," फुलाबाई म्हणाली, "लुगडं येकदम सोडू नका. आज आंगभर, उद्या खांद्यावर, मग नुसतं मांडीवर. व्हईल सवय."

सोनबाने तसंच केलं. लुगडं खांद्यावरून मांडीवर आलं, मांडीवरून पेटीत गेलं आणि पिल्लू धोतरावर झोपायला लागलं. मग ते वाडीत हिंडू लागलं. एकदा तर चिमाजींच्या पटक्यात झोपलेलं सापडलं.

पण वाडीने नवरी म्हटलं ते म्हटलंच. नव्या नवरीला भावकीत घरोघर जेवायला बोलावतात, तशी ही रोज एका घरी जाते. कुठे दूध, कुठे मासळीचं कालवण. मग टम्म पोटाने परत येऊन कणगीला टेकून आडवी होते. उंदीर तिच्या शेपटीजवळून जातात. ती एक डोळा उघडून बघते आणि पुन्हा मिटते. आता ती कुणालाच भीत नाही.

"येक तरी धर की गं," सोनबा म्हणतो आणि तिच्या पाठीवरून हात फिरवतो.

पेरणी जवळ आली आहे. पहिला उंदीर अजून धरायचा आहे.