सदर साधन वर्गात वापरले

एका शिक्षकाने दुसऱ्याला दिलेली वस्तू सहसा परत येत नाही. म्हणून आमच्या शाळेत पूर्वी कोणी कोणाला डस्टरसुद्धा देत नसे आणि नकाशे कपाटात कुलूपबंद असत. लिंकचे तसे नाही. ती दिली तरी आपल्याजवळ राहते आणि घेणाऱ्यालाही ती घ्यावी लागत नाही. इतके निरुपद्रवी दान माणसाला आजवर सुचले नव्हते. ते सुचताच आमच्या अडतीस शिक्षकांच्या मनाचा मोठेपणा एकदम उफाळून आला.

या मोठेपणाला शिस्त लागावी म्हणून मुख्याध्यापकांनी 'अध्यापन साधने आदानप्रदान समिती' नेमली. मी चित्रकला शिकवतो. अक्षर बरे असल्याने मला सचिव केले. नियम सोपे आहेत. प्रत्येकाने आठवड्याला तीन लिंका शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायच्या आणि सहकाऱ्यांच्या किमान पाच लिंकांवर अभिप्राय द्यायचा. गेल्या वर्षीची आकडेवारी अशी:

टाकलेल्या लिंका: ४,१०४.
अभिप्राय: ६,८४०. पैकी अनुकूल: ६,८४०.
'सदर साधन वर्गात वापरले, मुले रमली' असे अभिप्राय: ३,२१२ (पैकी सुटीच्या दिवशी ७९०).
लिंक आल्यापासून ती वर्गात वापरून होईपर्यंत लागलेला सरासरी वेळ: चाळीस सेकंद.
उघडलेल्या लिंका: ही माहिती ठेवली जात नाही. (विश्वास नावाचीही काही गोष्ट असते.)

असे सगळे सुरळीत चालले असताना सहावीला गणित शिकवणाऱ्या नव्या बाईंनी एक लिंक उघडली.

बाईंचा स्वभाव वाईट नव्हता. दोन वर्षांची उमेदवारी संपत आली होती आणि त्यांना कायम करायचे की नाही, हे त्याच महिन्यात ठरायचे होते. अशा वेळी शहाणा माणूस लिंका टाकतो. बाई मात्र वर्गात कागदाच्या पट्ट्या कापत बसल्या होत्या. एक छेद चारपेक्षा एक छेद आठ मोठा, कारण चारपेक्षा आठ मोठे, असे त्यांच्या बेचाळीस मुलांचे ठाम मत होते आणि तीन आठवडे झाले तरी ते हलत नव्हते. काहीच चालेना, तेव्हा त्यांनी ग्रुपवर शोधले. तिथे मोठ्या बाईंनी (तीस वर्षे सेवा, दोनदा आदर्श शिक्षिका) टाकलेली लिंक होती: 'अपूर्णांक: एक सोपी पद्धत'. त्याखाली छत्तीस अभिप्राय होते. पीटीच्या सरांनी मैदानावर वापरले होते. 'चित्रकलेच्या तासालाही उपयुक्त,' असे मी स्वतः लिहिले होते. मुख्याध्यापकांनी तर ते 'महिन्याचे उत्तम साधन' ठरवून सहावीच्या पाचही तुकड्यांच्या पालकांना अभिप्रायाच्या फॉर्मसह घरी पाठवले होते.

बाईंनी ते भर वर्गात, मोठ्या पडद्यावर लावले.

व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. त्यात एक गृहस्थ कपडे धुण्याच्या मशीनची तुंबलेली जाळी कशी काढावी ते दाखवत होते. (मोठ्या बाईंकडे त्या आठवड्यात मशीनचे पाणी जात नव्हते आणि त्यांच्या दिरांनी एक मशीनची आणि एक अपूर्णांकांची अशा दोन लिंका पाठवल्या होत्या. घाईत कोणाच्याही हातून होते.) जाळीतून एक मोजा, दोन बटणे आणि एक चमचा निघाला. चमचा निघाला तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. 'मुले रमली' हा अभिप्राय आमच्या शाळेत त्या दिवशी पहिल्यांदा खरा ठरला, पण त्याची नोंद कुठेही झाली नाही.

मधल्या सुटीत बाईंनी ग्रुपवर लिहिले, "मॅडम, लिंक चुकून दुसरी पडलीय का? यात कपड्यांचं मशीन आहे."

मग पीटीच्या सरांनी सवयीने अंगठा टाकला आणि लगेच काढून घेतला.

समितीची तातडीची बैठक बसली. मला बाईंचा राग आला होता, हे कबूल करतो. चांगल्या चाललेल्या घरात पाहुण्याने येऊन फडताळे उघडावीत, तसे हे झाले.

"बाई, छत्तीस अनुभवी माणसं म्हणतात अपूर्णांक आहेत," मुख्याध्यापक समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुम्ही एकट्या म्हणता मशीन आहे. मी कागदावर काय लिहू?"

"सर, आत्ता इथेच लावून बघू या ना. अकराच मिनिटं आहेत."

समितीकडे एवढा वेळ नव्हता. (बैठक सव्वादोन तास चालली.) शिवाय एक पाहिले की बाकीची चार हजार एकशे तीनही पाहावी लागली असती. मोठ्या बाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "तीस वर्षांत माझ्यावर असा आळ आला नव्हता." मुलांची साक्ष काढावी, अशी एक सूचना आली. पण त्यांनी व्हिडिओ प्रत्यक्ष पाहिला असल्याने ती निःपक्षपाती राहिलेली नाहीत, असे ठरले. विज्ञानाच्या सरांनी तोडगा काढला. जाळी आधी पाव फेरा, मग अर्धा फेरा फिरवावी लागते. पाव आणि अर्धा हे अपूर्णांकच आहेत. तेव्हा मशीन असलेच, तरी ते कृतियुक्त अध्ययन आहे. न पाहता इतके नेमके बोलणारा माणूस विरळा. (त्यांच्याही घरी तेच मशीन आहे.)

बाईंचा आवाज चढला. "मग पालकांना विचारा! घरोघर पाठवलाय तुम्ही. दोनशे बारा घरांतून एकानं तरी उघडला असेल की नाही? पोटची पोरं आहेत त्यांची."

मुख्याध्यापक न्यायी आहेत. ते म्हणाले, "ठीक आहे. एका जरी पालकानं 'मशीन' असं लिहून दिलं असेल, तर मी याच टेबलावर तुम्हाला कायम करतो. नसेल, तर शाळेची बदनामी केली असं धरावं लागेल. मग मला तुम्हाला ठेवता यायचं नाही."

पालकांचे फॉर्म आधीच भरून आले होते. माझ्या कपाटात सुतळीने बांधून ठेवले होते. अजून कोणी वाचले नव्हते. मी गठ्ठा सोडला आणि एकेक फॉर्म मोठ्याने वाचू लागलो. बाई खुर्चीच्या कडेला बसून प्रत्येक फॉर्मला मान पुढे काढत होत्या. शंभराच्या पुढे गेल्यावर त्यांनी मान काढणे सोडले.

'खूप छान' १४१. 'उपयुक्त माहिती' ५२. 'आता अपूर्णांकाची भीती गेली' १८. एका वडिलांनी 'असेच व्हिडिओ पाठवत राहावे, आम्हीही लहानपणी असेच शिकलो' असे लिहिले होते. एकूण दोनशे बारा.

बाईंनी गठ्ठा मागून घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा स्वतः पाहिला. कोणी घाई केली नाही. शेवटचा फॉर्म ठेवून त्या एवढेच म्हणाल्या, "एकानंही नाही?" मी 'नाही' म्हणालो. तेव्हा मला बरे वाटले नाही, पण इतिवृत्तात तसा रकाना नाही. महिनाअखेरीस त्या गेल्या. सहावीचे गणित आता पीटीचे सर घेतात आणि अभिप्राय उत्तम आहेत.

राहता राहिले तुम्ही. इथवर वाचताना तुम्ही आम्हाला मनसोक्त हसलात. हरकत नाही, आम्हाला सवय आहे. फक्त तुमचा फॉर्म त्या गठ्ठ्यात कितवा आहे, हे मी कोणाला सांगितलेले नाही. सही झोकदार आहे. सहीच्या वर छापलेली ओळ तुम्ही वाचली नसेल, म्हणून इथे देतो: 'आम्ही पाल्याजवळ बसून हा व्हिडिओ पूर्ण पाहिला.' या आठवड्याचा फॉर्म तुमच्या मुलीच्या दप्तरात दिला आहे. उद्या सही करून पाठवा.