मधली काच

सकाळी हॉटेलच्या खोलीवर पोचताच सासरेबुवा टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघराशी गेले आणि तिथेच थबकले. न्हाणीघराला भिंतच नव्हती. पलंग आणि कमोड यांच्यामध्ये होती फक्त एक लख्ख, आरपार काच.

"जावईबापू, इथली भिंत बांधायची राहिली का हो?"

"नाही बाबा, मुद्दामच. खोली मोठी वाटते त्याने."

जावई आर्किटेक्ट होता. या उंच हॉटेलचा नकाशा त्याचाच. सासऱ्यांना नवं घर बांधायचं होतं, पण लग्नापासून आजवर त्यांनी जावयाच्या कामाबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता. म्हणून तर तो त्यांना आणि बायकोला मोठ्या हौसेने इथे मुक्कामाला घेऊन आला होता.

"अरे, निदान पडदा तरी लावायचास!" बायको म्हणाली.

"पडद्याने रेषा बिघडतात."

"बाबांना पोट बिघडल्यासारखं वाटतंय. रेषा राहू दे, बाहेर चल आधी!"

दोघं कॉरिडॉरमध्ये आले आणि बघतात तर काय, जवळजवळ प्रत्येक दाराबाहेर कुणी ना कुणी ताटकळत उभं. शेजारच्या दाराशी अर्धी दाढी झालेले एक गृहस्थ, समोर कडेवर नात घेतलेल्या आजीबाई.

"तुमच्याकडे कोण आत?" दाढीवाल्यांनी विचारलं.

"सासरे."

"आमच्याकडे सूनबाई," आजीबाई म्हणाल्या. "कुठल्या शहाण्याने बांधलंय कोण जाणे!"

"त्यालाच त्या काचेत बसवायला हवा. आपण सगळे बघत बसू!" दाढीवाले म्हणाले.

सगळे खो खो हसले. जावई सगळ्यांत मोठ्याने हसला. "काही लोकांना डोकंच नसतं हो," असंही वर म्हणाला. बायकोने खालच्या गालिच्याकडे बघायला सुरुवात केली.

"आणि लिफ्ट बघा, पार त्या टोकाला!" आजीबाईंचं चालूच होतं. "चालून चालून गुडघे गेले माझे."

"पाहुण्यांनी रमतगमत जावं म्हणून," जावई बोलून गेला.

"तुम्हाला बरं माहीत!"

"अंदाज आपला."

तेवढ्यात दार उघडून सासरे बाहेर आले. चेहरा असा फुललेला त्याने कधी पाहिला नव्हता. त्यांनी दार मागे ओढून घेतलं आणि ते खटकन बंद झालं. किल्लीचं कार्ड आतच राहिलं.

"वा, जावईबापू! बसल्या बसल्या खिडकीतून अख्खं शहर दिसतं की हो! माझं घर तुम्हीच बांधायचं, ठरलं." मग जमलेल्या मंडळींकडे वळून ते अभिमानाने म्हणाले, "हे सगळं हॉटेल आमच्या जावयांनी उभं केलंय बरं का!"

हे वाक्य ऐकायला तो इतकी वर्षं आसुसला होता. दाढीवाल्यांनी बाह्या सरसावल्या. आजीबाईंनी नातीला कडेवरून हळूच खाली ठेवलं.

जावयाने मागचं दार ढकलून पाहिलं. ते हललं नाही. लिफ्ट समोर दिसत होती, पण या सगळ्या माणसांच्या पलीकडे, पार त्या टोकाला. तिथे ती त्यानेच ठेवली होती.