सदर खेळाडू

करंजखेड क्रीडा मंडळाला मसुद्यातून मिळालेला खेळाडू सोमवारी दुपारच्या एसटीने आला, तेव्हा तो अजून कच्चाच होता. उंची साडेसहा फूट, तेवढी शाईत होती. बाकी बरंचसं पेन्सिलीत. डाव्या अंगाला चार बोटं समास सोडलेला. डाव्या हाताच्या जागी 'यथावकाश' असा शेरा. नाव अजून पडलेलं नव्हतं, म्हणून सोबतच्या कागदावर 'यापुढे सदर खेळाडू असा उल्लेख करण्यात येईल' एवढंच लिहिलं होतं.

मंडळाचे प्रशिक्षक मार्तंड शेलार त्याला उतरवून घ्यायला स्टँडवर गेले होते. कंडक्टरच्या वहीत त्यांनी पोच म्हणून सही केली आणि विचारलं, "प्रवास नीट झाला ना रे, सदर?"

"तसं काही नमूद नाही," तो म्हणाला.

सरांना तो तिथल्या तिथे आवडला. आता का आवडला ते विचारू नका. एकोणीस वर्षं ज्या घरात दुसरा आवाज म्हणजे कुकरच्या शिट्टीचा, त्या घरातल्या माणसाला कोणी धड उत्तर दिलं तरी पुरतं.

बास्केटबॉलचा संघ उभा करायचे दोनच मार्ग असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक म्हणजे तयार नामांकित आणायचे. त्यांच्या मानेवर गोल शिक्का असतो, सगळे रकाने भरलेले असतात, आणि ते आल्या दिवसापासून खेळतात. दुसरा मार्ग मसुद्याचा. जो संघ शेवटून पहिला, त्याला मसुदा कक्षाकडून पहिला कच्चा खेळाडू मिळतो; तो आपण घडवायचा.

मंडळाचे सचिव कुंभोजकर नामांकितांच्या बाजूचे. गेल्या वर्षी त्यांनी हट्टाने तीन नामांकित आणले होते. तिघंही अस्सल, पण एकमेकांना चेंडू देईनात. सरांनी एकाला विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "माझ्यात तसं लिहिलेलं नाही. बदल हवा असेल तर शुद्धिपत्रक काढा." शुद्धिपत्रक निघेपर्यंत मोसम संपला आणि मंडळ शेवटचं आलं.

"यंदा मसुदा घ्या तुमचा," कुंभोजकर म्हणाले. "पण मार्तंडराव, हाही फसला तर पुढच्या वर्षीपासून फक्त नामांकित. आणि त्यांना प्रशिक्षक लागत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

मसुद्याची मुदत नव्वद दिवसांची, मोसमही तेवढाच. तोवर सदरच्या पाठीवर 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' अशी पाटी असे आणि गावकरी त्या मोकळेपणाने देत. दूधवाल्याची सूचना होती की आवाज जरा मोठा करावा. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी दोन्ही कानांच्या उंचीबद्दल हरकत घेतली, ती रास्त होती, आणि सरांनी खोडरबर घेऊन डावा कान खाली घेतला.

बाकीचे रकाने सर स्वतः भरत. सकाळी मैदानावर बास्केटखाली पायांची अदलाबदल, चेंडू छातीपासून देणं, उडी कधी मारायची आणि कधी नुसती दाखवायची. दुपारी घरी, मैदानामागच्या दोन खोल्यांत, उरलेलं.

"आवडती भाजी कुठली लिहू?" सर विचारत.

"तुमची कुठली?"

"दोडका. पण दोडका कोणाला आवडत नाही रे. तुला पुढे लोक हसतील."

"लिहा," सदर म्हणे.

असं करता करता सदरला वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायची सवय लागली, चहा बिनसाखरेचा लागू लागला, आणि राग कशाचा येतो या रकान्यात 'ताटात टाकलेल्या अन्नाचा' असं आलं. तिसऱ्या आठवड्यात डावा हात आला. सर दिवसभर त्या हाताने चेंडू आपटून घेत बसले आणि रात्रीचा डबा सांगायला विसरले, तेव्हा सदरने पिठलं केलं. ते खारट झालं होतं. सरांनी दोनदा वाढून घेतलं.

संघ जिंकू लागला. बाकीचे चौघं गावातलेच: एक पोस्टमन, एक गवंडी आणि दोन सख्खे साडू. ते पूर्वी हरत होते कारण चेंडू आला की गोंधळत. आता चेंडू जिथे हवा तिथे येई, कारण सदरमध्ये तसं लिहिलेलं होतं. समोरच्या संघाचे लोक चेंडू हिसकायला हात घालत, तो हात नेमका समासात जाई आणि रिकामा परत येई. एकच अडचण होती. कच्च्या खेळाडूच्या सामन्यांचे गुण तात्पुरते धरतात. खेळाडू मुदतीत अंतिम झाला तर ते कायम होतात. नाही झाला तर गुणही रद्द आणि खेळाडूही.

शेवटच्या आठवड्यात तेरा रकाने भरून झाले. नावाच्या रकान्यात सदर हेच नाव ठेवलं, त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आडनाव करंजखेडकर. उरला रकाना चौदा: आपलं माणूस.

खाली बारीक अक्षरात टीप होती. या रकान्यात नाव लिहिल्यास खेळाडू त्या माणसाच्या गावी राहील, इतरत्र जाणार नाही.

त्याच दिवशी महानगर संघाचं पत्र आलं. सदर अंतिम झाल्यावर त्याला नामांकित म्हणून घ्यायची त्यांची तयारी होती. कुंभोजकरांनी पत्र सरांच्या हातात दिलं आणि पहिल्यांदाच जरा खालच्या आवाजात बोलले. "तुमचंच नाव घाला की तिथे. अजिंक्यपद आपलं, पोरगाही आपला. कोण विचारतंय?"

सरांनी घरी एका कोऱ्या कागदावर मार्तंड शेलार असं चार वेळा लिहून बघितलं. अक्षर चांगलं आलं होतं. त्यांना चोविसाव्या वर्षी असंच एका मोठ्या संघाचं बोलावणं आलं होतं. आई म्हणाली होती, माझं कोण आहे इथे? खरंच कोणी नव्हतं. सर राहिले, आणि त्याबद्दल आईवर ते कधी चिडले नाहीत. पण ते पत्र त्यांनी अजून फाडलं नव्हतं, हेही खरं.

सुनावणी शनिवारी सकाळी वाचनालयात झाली. मसुदा कक्षाच्या देवस्थळी बाई आल्या होत्या. त्यांनी एकेक हरकत वाचून निकाली काढली. शेवटी एक चिठ्ठी राहिली.

"सूचना अशी आहे," बाई म्हणाल्या, "रकाना चौदामध्ये सरांचं नाव लिहावं. खाली सही नाही."

"मला अजून सही आलेली नाही," मागच्या बाकावरून सदर म्हणाला.

"बिनसहीची सूचना विचारात घेता येत नाही," बाई म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांनी चिठ्ठी घडी करून सरांच्या पुढ्यात ठेवली. "प्रशिक्षकांना मात्र स्वतःहून लिहिता येईल. सर, काय लिहू?"

सरांनी चिठ्ठी उलगडून वाचली. इतकं कोणी त्यांच्याकडे कधी मागितलं नव्हतं. हो म्हणावंसं त्यांना वाटलं, फार वाटलं.

"कोरा नाही का ठेवता येणार?"

"रकाना कोरा ठेवता येत नाही. काही नसेल तर निरंक लिहायचं."

"द्या इकडे," सर म्हणाले आणि स्वतःच्या हाताने त्यांनी निरंक असं लिहिलं. सदर उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, "सर, चुकून?"

"नाही रे. विचार करून."

बाईंनी शिक्का मारला. कातरीने समास कापला. पेन्सिलीतलं सगळं शाईत आलं, मंडळाचे गुण कायम झाले आणि करंजखेड अजिंक्य ठरलं. कुंभोजकरांनी पेढे वाटले. सदरने एक पेढा घेतला, व्यवस्थित खाल्ला आणि पेढ्याखालचा कागद बोटांनी पुसून खिशात ठेवला.

चारच्या एसटीला सर त्याला सोडायला गेले. तो आता पुरा दिसत होता, रुबाबदार. सरांनी डब्यात दोडक्याची भाजी दिली होती. ती त्याने मनापासून हुंगली, कारण ते नमूद होतं.

"जपून राहा," सर म्हणाले. "सुरुवातीला तिथे कोणी बोलणार नाही. आपण बोलावं."

"बरं."

ड्रायव्हर चढला. सदरने पिशवी खांद्याला लावली, सरांच्या पाया पडला आणि सरळ उभा राहून म्हणाला, "जातो."

स्टँडवरच्या दोनचार बायकांनी वळून बघितलं. असं कोणी म्हणत नाही.

"ये," सर म्हणाले.

पायरीवर चढलेला सदर थांबला. "कधी?" त्याने विचारलं. त्याला खरोखरच ते माहीत नव्हतं.

सरांनी त्याच्या पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला. "सवडीने," ते म्हणाले.

सदरने मान डोलावली आणि खिडकीजवळची जागा बघून बसला.